साठमारीची दवंडी

फार फार जुना काळ होता. तेव्हा बातमी कागदावरून जात नसे, माणसाच्या गळ्यातून जाई. त्या काळी एका डोंगराळ राज्यात गोंदाजी नावाचा दवंडीवाला राहत होता. या टेकडीवर त्याने हाक दिली, की पलीकडच्या टेकडीवरचा गुराखी मान वळवून बघायचा. लोकांना राजाचे दर्शन वर्षातून एकदा घडे, गोंदाजीचा आवाज मात्र सदाचा. त्यामुळे गोंदाजी बोलला म्हणजे राजाच बोलला, असे सगळे धरून चालत.

एका वर्षी राजाच्या हत्तीखान्यात मेघडंबर नावाचा हत्ती आला. बाळगोपाळांनो, तुम्ही हत्ती पाहिले असतील, पण हा निराळाच होता. तो चालू लागला की त्याच्या पायांचा आवाज होत नसे, फक्त जमीन हलायची. तो उभा राहिला की त्याच्या सावलीत सात बैलगाड्या मावायच्या. गोंदाजीने त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो हातातली हलगी वाजवायचीच विसरला. एवढा मोठा जीव, आणि डोळा इतका लहान, इतका शांत! तो डोळा आपल्याकडे वळला तेव्हा गोंदाजीने नकळत हात जोडले.

राजाने ठरवले, या हत्तीची साठमारी सगळ्या प्रजेला दाखवायची. साठमारी म्हणजे हत्तीशी खेळायचा खेळ. चपळ माणसे लाल फडके दाखवून हत्तीला आपल्या मागे धावायला लावतात, आणि तो अंगावर आला की भिंतीतल्या अरुंद दारातून निसटतात. खेळाचे मैदान गोल होते. त्याच्या तीन बाजूंना जाडजूड दगडी भिंत होती. पूर्वेची भिंत अजून बांधायची होती.

पाथरवट प्रधानजींना म्हणाला, "अजून एक महिना द्या. दोन हात जाडीची भिंत उभी करतो."

प्रधानजी म्हणाले, "मुहूर्त अष्टमीचा आहे. तिथे लाकडी खांब रोवा, बांबू बांधा. एका दिवसाचा तर खेळ!"

आणि गोंदाजी गावोगाव निघाला. हलगी कडाडली.

"ऐका हो ऐका! अष्टमीला राजाच्या मैदानात मेघडंबराची साठमारी! लहानथोर या, बायाबापड्या या! राजाच्या छायेत बसा, निर्धास्त बघा होऽऽ!"

कुंभारवाड्यात कोंडाबाईने ती दवंडी ऐकली. गुडघाभर चिखलात उभी राहून ती माती तुडवत होती. तिचा नवरा चाकावर बसे, माती तुडवायचे काम तिचे. जन्मात तिने हत्ती पाहिला नव्हता.

"गोंदाजीदादा, खरंच का बसायला जागा मिळंल आमच्यासारख्यांना?" तिने विचारले.

"वहिनी, मी स्वतः बसवतो तुम्हाला," गोंदाजी म्हणाला.

अष्टमीला माणसांचा पूर लोटला. तिन्ही बाजूंच्या भिंती माणसांनी भरून गेल्या. तरी लोक येतच होते. प्रधानजींनी गोंदाजीला खूण केली, "पूर्वेकडे बसव."

गोंदाजी पूर्वेकडे गेला. गर्दीच्या रेट्यात त्याचा हात एका बांबूवर टेकला. बांबू हलला. नुसता तोच हलला नाही, त्याच्या शेजारचा खांबही हलला. क्षणभर गोंदाजीने त्या खांबाकडे पाहिले. पण मागे शेकडो माणसे खोळंबली होती, प्रधानजी बघत होते. त्याने हात काढून घेतला आणि तो ओरडला, "या, इकडं जागा आहे! पुढं या!"

कोंडाबाई अगदी पुढे बसली.

मग मेघडंबर मैदानात आला, आणि हजारो माणसे एकदम गप्प झाली. सूर्यासमोर ढग यावा तसा तो आला. त्याने सोंड उंच केली आणि आरोळी दिली, तेव्हा दूरच्या झाडांवरचे पक्षी उडाले. खेळणारी माणसे त्याच्यासमोर मुंग्यांएवढी दिसत होती. कोंडाबाईने तोंडावर हात धरला होता. डोळ्यांत धूळ जात होती, तरी ती पापणी लववत नव्हती.

तेवढ्यात एक खेळाडू पाय घसरून पूर्वेच्या बाजूला पडला. तो लोळत बाजूला झाला, पण मागून आलेल्या मेघडंबराला थांबता आले नाही. बांबू काडीसारखे मोडले. खांब कोसळला, तो कोंडाबाईच्या पायावर.

आणि मग जे घडले, ते पाहणारे जन्मभर सांगत राहिले. मेघडंबराचा पुढचा पाय वर उचललेला होता, त्याखाली कोंडाबाई होती. हत्तीने खाली पाहिले. तो पाय त्याने तसाच अधांतरी धरला. लोक किंचाळत पळत होते, धूळ उडत होती, आणि तो डोंगराएवढा जीव तीन पायांवर निश्चल उभा होता. माहुताने येऊन कानाला हात लावला, तेव्हा कुठे तो हळूच मागे सरकला.

कोंडाबाई वाचली. पण तिचा उजवा पाय गुडघ्याखाली चिरडला होता. वैद्याने सांगितले, "पाय राहील, पण माती तुडवण्याचं बळ त्याच्यात यायचं नाही."

कोंडाबाईच्या नवऱ्याने दरबारात दाद मागितली. सुनावणीचा दिवस ठरला.

आदल्या दुपारी प्रधानजी स्वतः गोंदाजीच्या दारात आले. एवढा मोठा माणूस आपल्या ओट्यावर बसलेला पाहून गोंदाजी गोंधळून गेला.

"गोंदाजी," प्रधानजी म्हणाले, "दवंडीच्या शेवटी तू एक वाक्य म्हणाला होतास. 'ज्याने त्याने आपला जीव सांभाळून यावे.' आठवतं ना?"

"नाही जी. असं मी म्हणालो नव्हतो."

"म्हणाला होतास," प्रधानजी शांतपणे म्हणाले. "उद्या दरबारात एवढंच सांग. मग जो आला, तो आपल्या जबाबदारीवर आला, असं ठरेल. राजाचं नाव राहील. आणि तुझंही राहील. पूर्वेकडे लोकांना बसवलं कोणी? तूच ना? खरं बोलायला गेलास तर पहिला दोष तुझ्याच माथी येईल. मग ही हलगी तुझ्याकडे राहायची नाही."

प्रधानजी गेले. गोंदाजीने ताटातली भाकरी मोडली आणि ताट बाजूला सारले. त्याच्या तळहाताला सारखा तो बांबू जाणवत होता, हललेला.

दुसऱ्या दिवशी दरबार गच्च भरला. कोंडाबाईला बाजेवर निजवून आणले होते. सिंहासनावर राजा होता, आणि त्याच्या उजव्या हाताला वयोवृद्ध न्यायाधीश.

प्रधानजी उभे राहिले. "हत्तीचा खेळ म्हणजे धोका आलाच. हे लहान पोरालाही कळतं. जो पाहायला आला, त्याने तो धोका पत्करला. शिवाय दवंडीतही तसा इशारा दिला होता. दवंडीवाला साक्षीला उभा आहे."

न्यायाधीश म्हणाले, "गोंदाजी, दवंडीत काय होतं?"

गोंदाजीने प्रधानजींकडे पाहिले. मग बाजेवरच्या कोंडाबाईकडे. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. ती फक्त वाट पाहत होती.

"मला नुसतं सांगता येत नाही, महाराज," तो म्हणाला. "वाजवूनच येतं."

त्याने हलगी घेतली. दरबारात ती कडाडली. "ऐका हो ऐका! अष्टमीला राजाच्या मैदानात..." सुरुवातीला आवाज कापरा होता. "लहानथोर या, बायाबापड्या या!" इथे तो भरला. आणि मग, कोणी सांगितले नसताना, मागे उभ्या असलेल्या गावोगावच्या माणसांनी त्याच्या सुरात सूर मिसळला. शंभर तोंडांतून एकच ओळ उठली, "राजाच्या छायेत बसा, निर्धास्त बघा होऽऽ!"

दरबाराच्या छताला तो आवाज धडकला आणि विरला.

"याच्यापुढं एक शब्द नव्हता," गोंदाजी म्हणाला. "आणि अजून एक सांगतो. तो बांबू हलतो हे मला कळलं होतं. माझा हात लागला होता त्याला. तरी मी माणसं बसवली. मला काय व्हायची ती शिक्षा होऊ द्या."

न्यायाधीश कोंडाबाईकडे वळले. "बाई, तुझं काय म्हणणं आहे? हत्ती पाहायला येताना तुला भीती नव्हती वाटली?"

"वाटली की," कोंडाबाई म्हणाली. "भीती वाटावी म्हणून तर आले. डोळ्यांत धूळ गेली, ती माझी. छाती धडधडली, ती माझी. मी उठून मैदानात उतरले असते आणि तुडवली गेले असते, तर तेही माझंच. पण मी कुठं गेले नाही, महाराज. तुम्ही बसवलं तिथंच बसले होते. ते कुंपण कच्चं आहे, हे मला कसं कळावं? ते ज्यांना ठाऊक होतं, त्यांनी मला सांगितलं नाही. हत्तीला बिचाऱ्याला कुंपण दिसलं नाही, पण मी दिसले. त्याने पाय वर धरला. माणसांनी धरला नाही."



तेव्हा राजा सिंहासनावरून उठला. पायऱ्या उतरून तो खाली आला आणि कोंडाबाईच्या बाजेशेजारी, उघड्या फरशीवर बसला. सगळा दरबार ताडकन उभा राहिला.

"'निर्धास्त' हा शब्द माझा होता," राजा म्हणाला. "प्रधानजींनी दवंडी लिहिली तेव्हा तो नव्हता. हत्ती पाहून मला आनंद झाला आणि मी तो घातला. पण तो खरा करून दाखवायला हवा, हे मी विसरलो. न्यायाधीश, आज मी आरोपी आहे. निवाडा करा."

मेघडंबर पहिल्यांदा पाहिला तेव्हा जसे गोंदाजीचे हात आपोआप जुळले होते, तसे ते पुन्हा जुळले.

न्यायाधीश म्हणाले, "खेळात जो धोका मुळातच असतो, तो पाहणाऱ्याचा. पण जो धोका आळसाने आणि घाईने आत येतो, तो खेळ भरवणाऱ्याचा. कोंडाबाईचं औषधपाणी आणि घर, ती जिवंत असेपर्यंत राजवाड्याने सांभाळावं. गोंदाजी हलगी ठेवील, कारण तो खरं बोलला. पण तो गप्पही बसला होता, म्हणून तो वर्षभर रोज कुंभारवाड्यात जाऊन माती तुडवील. पूर्वेची भिंत झाल्याशिवाय खेळ होणार नाही. आणि भिंत झाली, की लोकांना आत सोडण्याआधी मेघडंबराला मैदानात आणायचं, आणि पूर्वेच्या बाजूला अगदी पुढे प्रधानजींनी एकट्याने बसायचं."

राजाने हात जोडून निवाडा मान्य केला.

वर्षभर गोंदाजी माती तुडवत राहिला. पहिल्या दिवशी चिखलात त्याचा पाय रुतला, तेव्हा कोंडाबाई बाजेवरून म्हणाली, "टाच नाही दादा, चवडा! चवड्यानं दाबा." पुढे ती माती इतकी मऊ येऊ लागली की तिचा नवरा ती चाकावर घेताना हसायचा.

इकडे पाथरवटाने दोन हात जाडीची भिंत सांगितली होती. प्रधानजींनी स्वतः उभे राहून ती तीन हात जाडीची करून घेतली.

मग पुन्हा अष्टमी आली. लोक दाराबाहेर थांबले होते. आत पूर्वेच्या भिंतीमागे प्रधानजी एकटेच बसले होते. मेघडंबर लाल फडक्यामागे धावत आला आणि सगळ्या देहानिशी भिंतीवर आदळला. डोंगरात गडगडाट व्हावा तसा आवाज झाला. भिंतीचा एक दगडही हलला नाही. प्रधानजी घामाने न्हाऊन उठले आणि त्यांनी आपल्या हातांनी दार उघडले.

त्या राज्यात पुढे कितीतरी खेळ झाले, पण पाहायला आलेले एकही माणूस जखमी होऊन घरी गेले नाही.

तात्पर्य : ज्याने लोकांना खेळ पाहायला बोलावले, त्यांच्या जिवाची राखण करणेही त्याचेच काम.