करवंटीला करवंटी

एक होती उंदरी. तिचं नाव बिटकी. तिच्याजवळ होते करवंटीभर तांदूळ. पण पिल्लांचे दात इवले इवले. तांदूळ चावेनात.

गिरणीच्या खिडकीत राहायची साळुंकी. तिच्याजवळ होते खूप खूप चुरमुरे.

साळुंकी म्हणाली, "करवंटीभर तांदूळ दे, करवंटीभर चुरमुरे घे. करवंटीला करवंटी."

बिटकीने तांदूळ दिले. चुरमुरे घेतले. पिल्लांनी खाल्ले. कुर्रम कुर्रम, संपलेसुद्धा.

"आई, भूक लागली."

बिटकीच्या मिशा थरथरल्या. "तांदूळ ओढताना मी दमले. चुरमुरे तर सहज उचलले. यात काहीतरी गोम आहे."

पिल्लं करवंटीत डोकावली. "कुठाय गोम? चावेल का?"

"दिसत नाही ना, म्हणूनच संशय येतोय," बिटकी म्हणाली.

बिटकी गेली तुरुतुरु गिरणीतल्या तराजूकडे.

"तराजू, तराजू, तोल ना. पिल्लांची भूक भागेना."

तराजू म्हणाला, "दोरीने मला बांधलंय. दोरी सुटली तर तोलेन."

बिटकी गेली तुरुतुरु दोरीकडे.

"दोरी, दोरी, सूट ना. तराजू तोलेना, पिल्लांची भूक भागेना."

दोरी म्हणाली, "मी सुटले की मनी मला पळवेल. मनी झोपली तर सुटेन."

बिटकी गेली तुरुतुरु मनी मांजरीकडे. लांबच उभी राहिली हं.

"मनी, मनी, झोप ना. दोरी सुटेना, तराजू तोलेना, पिल्लांची भूक भागेना."

मनीने एकच डोळा मिटला. "मी झोपले की ओसरीवरचा कुत्रा माझं दूध पिईल. कुत्रा उठून गेला तर झोपेन."

बिटकी गेली तुरुतुरु कुत्र्याकडे.

"कुत्र्या, कुत्र्या, ऊठ ना. मनी झोपेना, दोरी सुटेना, तराजू तोलेना, पिल्लांची भूक भागेना."

कुत्रा म्हणाला, "मी उठलो की गिरणीत चोर शिरेल. दार लागलं तर उठेन."

बिटकी गेली तुरुतुरु दाराकडे.

"दारा, दारा, लाग ना. कुत्रा उठेना, मनी झोपेना, दोरी सुटेना, तराजू तोलेना, पिल्लांची भूक भागेना."

दार कुरकुरलं, कर्रर्र. "तू ढकलणार? माझा नाही विश्वास. वारा आला तर लागेन."

बिटकी गेली तुरुतुरु वाऱ्याकडे.

"वाऱ्या, वाऱ्या, ये ना. दार लागेना, कुत्रा उठेना, मनी झोपेना, दोरी सुटेना, तराजू तोलेना, पिल्लांची भूक भागेना."

वारा म्हणाला, "माझं कोण काय चोरणार? हा बघ आलो."

सूंऽऽ वारा आला. धाडकन दार लागलं. कुत्रा उठून शेतात गेला. मनी झोपली, घुर्रर्र. सर्रकन दोरी सुटली. बिटकी शिरली दाराखालच्या फटीतून आत.

तराजू झुलला. बिटकीने साळुंकीला बोलावलं. एका पारड्यात बिटकीने दिलेले तांदूळ. धप्प, पारडं खाली. दुसऱ्या पारड्यात साळुंकीने टाकले करवंटीभर चुरमुरे. पारडं वरच्या वर.

"अगं बाई," साळुंकी म्हणाली, "करवंटी तर तीच होती."

तराजू म्हणाला, "करवंटी तीच. पण चुरमुऱ्यांत हवाच फार. ओत आणखी."

साळुंकी ओतत राहिली, ओतत राहिली. बिटकी पारड्याखाली बघून आली. कुणी धरून तर ठेवलं नाही ना? नव्हतं कुणी. शेवटी दोन्ही पारडी सारखी झाली. केवढा तो ढीग!

पिल्लांनी आधी जेवढे खाल्ले होते, तेवढे करवंटीभर चुरमुरे बिटकीने ढिगातून बाजूला काढले. "हे तुझे," ती साळुंकीला म्हणाली. बाकीचे सगळे घरी नेले.

पिल्लांनी खाल्ले, कुर्रम कुर्रम, कुर्रम कुर्रम. आता कुणी म्हणालं नाही, भूक लागली.

पोटं टम्म भरली, आपली गोष्ट सरली.