न्यूटची वास्तुशांत

जनावरांनाही जनावरं पाळायची हौस होती, त्या काळची गोष्ट. दादासाहेब शेपटे नावाच्या वानराने एक न्यूट पाळला. दिसायला पालीसारखा, पण नात्याने बेडकाचा चुलतभाऊ. दादासाहेबांनी त्याच्यासाठी काचेची टाकी आणली आणि वास्तुशांतीला अख्खं रान बोलावलं.

‘आहेर आणू नये’ असं बजावलं होतं, म्हणून सगळ्यांनी आणला. सशाने शिंपल्यांचा महाल, मोराने पिसांची कमान आणि अस्वलाने दगडी बाक, त्यावर ‘अस्वल परिवाराकडून सप्रेम भेट’ असं ठळक कोरलेलं. एकाचा बाहेर ठेवला तर तो रुसणार, म्हणून दादासाहेबांनी सगळा आहेर टाकीत मांडला. पाण्याला जागाच उरली नाही.

“दादासाहेब, थोडं गार पाणी मिळालं असतं तर...” बाकावर सुकत चाललेला न्यूट म्हणाला.

“पाहुण्यांसमोर मागण्या कसल्या करतोस?” दादासाहेबांनी दटावलं. “असा महाल कुणाच्या नशिबी असतो?”

जेवून, वाहवा करून पाहुणे गेले. दादासाहेब कौतुकाने टाकीपाशी आले, तर टाकीत न्यूटच नाही! न्यूट अंगणात, पाय धुवायच्या बादलीत सुखाने डुंबत होता.

दादासाहेबांना फार वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बादलीवर कोरून घेतलं, ‘दादासाहेब शेपटे यांच्याकडून न्यूटास सप्रेम भेट.’