लगमाबाईचा लोंबकान्या

फार फार वर्षांपूर्वी, या माळावर बाभळींपेक्षा लांडगेच जास्त होते, तेव्हाची ही गोष्ट. वाडीत लगमाबाई नावाची धनगरीण होती. अंगानं काटक, जिभेनं तिखट. तिला ओढ्याच्या घळीत लांडग्याचं पोरकं पिल्लू सापडलं. बाईनं ते शेळीच्या दुधावर वाढवलं, नि सगळ्या वाडीच्या कपाळाला आठ्या पडल्या.

कारभारी सतबा म्हणाला, "सापाला दूध पाजलं तरी त्यो डसायचाच, बाई. याचं कान खाली हायत तवर पोर म्हणून सोडतो. ताठ झालं, की माझी कुऱ्हाड!"

तेव्हापासून लगमाचा जीव त्या दोन कानांत अडकला. रोज मेंढरं सोडण्याआधी ती कान चाचपायची नि विचारायची, "मोठा झालास का रं?" कान आपले लोंबतेच. अंग भरलं, सुळे आले, तरी हा पठ्ठ्या कोकरांमागं धडपडायचा, पोट वर करून लोळायचा. असं म्हणतात, सतबा कुऱ्हाडीला धार लावून लावून थकला.

मग दुष्काळ पडला. एका दिवेलागणीला लांडग्यांची भुकेली टोळी थेट मेंढरांभोवतीच्या जाळीला येऊन भिडली. लांडग्यांनी हेल काढला, आणि लगमाच्या हाताखाली ते कान ताठ झाले.

"बाई, कान?" सतबानं कुऱ्हाड उचलली.

"खालीच हायत!" तिनं तळव्यानं ते दाबून धरले. बाई आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली.

तेवढ्यात लोंबकान्या निसटला, जाळीवरून उडी मारून टोळीत शिरला.

"गेला आपल्या गोतात!" सतबा धावला.

पण कसचं काय! म्होरक्या लांडगिणीपुढं तो उताणा पडला. कान पाडून, कुंईकुंई करत तिचं तोंड चाटू लागला, भुकेलं पिल्लू आईचं चाटतं तसं. ती गुरगुरली. सतबा जागीच थिजला. मग असं म्हणतात, लांडगिणीनं पोटातला घास ओकून त्याच्यापुढं टाकला, आणि टोळी घेऊन माळापल्याड निघून गेली. पोरावर दात कोण चालवणार? नि पोराच्या घरावर तरी कोण?

लोंबकान्या म्हातारा होऊन मेला, पण मोठा काही झाला नाही.

आजही वाडीत मेंढरं सोडण्याआधी कुत्र्याचे कान चाचपून विचारतात, "मोठा झालास का रं?" पहिला मान सतबाच्या घराण्याचा, तोही कुऱ्हाड घरी ठेवून. आणि एखाद्याचे कान ताठ निघालेच, तर ते तळव्यानं दाबून सगळी वाडी एका सुरात म्हणते, "खालीच हायत!"