उष्टा हात

"मग मी हात धुऊ कुठे?"

जेवून उठलेले निरंजनबुवा उष्टा हात अधांतरी धरून मोरीपाशी उभे होते. मोरीच्या तोंडात चिंध्या कोंबलेल्या, वर पाट उपडा घातलेला.

त्र्यंबकराव नेन्यांना घाम फुटला. वर्षातून एकदा गुरू घरी भिक्षेला येतात, आणि ते आचवणार कुठे, एवढंसुद्धा आपल्याला सुचू नये? जन्मभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं ते कशाला?

"बुवा, अंगणात... पेरूच्या झाडाखाली..."

"शेजारी जा म्हणा ना," सुमित्राबाई म्हणाल्या. "मी आंघोळीलासुद्धा तिथेच जाते."

त्यांची पिशवी दाराशी भरून ठेवलेली होती. बुवांचं जेवण झालं की त्या भावाकडे निघणार होत्या. मोरी वाहती झाल्याशिवाय परत यायचं नाही, असं त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं.

बुवांनी दारातून बाहेर पाहिलं. घर आणि फाटक यांच्यामध्ये आडवा चर खणलेला. तळाशी सांडपाण्याचा नवा कोरा पाइप. चरावर जायला-यायला एक फळी.

"पाइप बदललास की."

"बदलला. जुना फुटला होता. पण सांधा आतून नीट बसलाय की नाही, कसं कळणार? म्हणून कापून पाहिला."

"मग?"

"बसला होता."

"मग?"

"कापला म्हणून पुन्हा जोडला. आता हा बसलाय की नाही..."

"पाकीट चिकटवलं की आत पत्र आहे ना, हे बघायला पुन्हा फोडतात हे," सुमित्राबाई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून बघतेय."

बुवा हसले नाहीत. त्यांनी पायानं पाट सारला, डाव्या हातानं चिंध्या उपसल्या आणि तांब्या उचलला.

"थांबा, बुवा! थांबा!"

त्र्यंबकराव धडपडत चरात उतरले. सांध्याला दोन्ही हातांनी कवळून बसले. घरात बुवांनी खुळखुळून चूळ भरली. पाणी हातांखालून सळसळत गेलं.

सांधा कोरडा होता.

"कोरडा आहे," ते म्हणाले, पण आवाज रडवेला. "आज आहे, बुवा. मातीचा भार आल्यावर? तेव्हा तर मला दिसणारही नाही..."

उपरण्याला हात पुसत बुवा बाहेर आले. त्यांनी चरावरची फळी उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"मला पलीकडे जायचंय."

"अहो, पण फळी..."

"वाट कर."

त्र्यंबकरावांनी बायकोकडे पाहिलं. ती पिशवीकडे पाहत होती.

...

त्र्यंबकराव चरातून वर आले आणि त्यांनी फावडं घेतलं. पहिली माती पडली तशी ती हातानं बाजूला करून सांधा पुन्हा चाचपला. दुसऱ्यांदाही चाचपला. मग पाइपच दिसेनासा झाला. ते थांबले, आणि नुसते धापा टाकत राहिले.

घरातून भांड्यांचा आवाज आला. सुमित्राबाई मोरीत बसून बुवांचं ताट घासत होत्या.

ते पुन्हा माती ओढू लागले.

चर भरला तसे बुवा त्यावरून चालत गेले. ओल्या मातीत पावलं उमटली. त्र्यंबकराव त्या पावलांकडेच बघत राहिले.

"बुवा... खाली गळायला लागलं तर?"

बुवांनी फाटकाची कडी काढली.

"तेव्हा पुन्हा जेवायला बोलाव."