दोन गोण्यांचा तांदूळ

पूर्वी गोदाकाठच्या प्रतिष्ठान नगरात एक न्यायी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व बैलाच्या जन्मात होते. एका व्यापारी सार्थवाहाच्या तांड्यात त्यांनी उमेदीची सारी वर्षे गोण्या वाहिल्या. एक गोणी डावीकडे, एक उजवीकडे. ज्या बाजूला ओझे जास्त, त्या बाजूची पाठ सोलून निघायची. म्हातारपणी मालकाने त्यांना ओझ्यातून मोकळे केले. पाठीवरच्या जखमा नुकत्याच भरत आल्या होत्या.

एकदा तांडा एका गावाबाहेर उतरला. तिथे नंदिय नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीचे, उत्पलेचे, लग्न होते. वऱ्हाड नगरातून आले होते. त्या मुलखाची रीत अशी, की दोन्ही घरांनी सारख्या वजनाचा तांदूळ आणायचा, तो एका हंड्यात शिजवायचा आणि नवरानवरीने पहिला घास त्यातला घ्यायचा. एका घराचा तांदूळ कमी भरला, तर लग्न लागत नसे.

दोन्ही घरांनी तांदूळ आपापल्या तराजूत तोलून आणला होता. पण नवऱ्याची सुलसाआत्या मोठी चोख बाई. लाकडी माप घेऊन ती मांडवातच मोजायला बसली. वराकडचा बारीक, लांब तांदूळ दहा मापे भरला. नंदियाचा बुटका, गोल तांदूळ नऊच मापे भरला.

"व्याहीबुवा, दहावं माप वाटेत सांडलं की काय?" आत्याने विचारले.

"मी तोलून आणलाय!" नंदिय लालबुंद झाला.

"तराजू तुमचा, वजनंही तुमचीच!"

"मग तुमचा तराजू काय देवाने पाठवला?"

झाले! वाजंत्री थांबली, वऱ्हाडाने पागोटी उचलली. उत्पलेला नवरा मुलगा सोमदत्त मनापासून आवडला होता. ती तडक मांडवाबाहेर गेली आणि बैलाच्या मानेवर डोके टेकून हुंदके देऊ लागली.

बोधिसत्त्वांना तिचे दुःख पाहवेना. गोणी एकीकडे जड असली तर जखमा पुन्हा उघडणार, हे त्यांना ठाऊक होते. तरी ते उठले. "मुली, रडू नकोस. बापाला सांग, दोन्ही तांदूळ माझ्या पाठीवर चढवा. मी ना तुमचा, ना त्यांचा."

गोण्या चढल्या. बोधिसत्त्व गावाला वळसा घालू लागले आणि सगळे लग्न त्यांच्यामागून निघाले. आत्या तर अगदी शेपटीजवळ, डोळे गोण्यांवर. पण गोण्या कुठेच कलल्या नाहीत.

"बैलाची पाठच वाकडी असेल," ती म्हणाली.

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले, "मग बाजू बदला."

बदलल्या. दुसरा वळसाही सरळ झाला, आणि जखमाही मिटलेल्याच राहिल्या.

"मग माझं दहावं माप गेलं कुठं?" आत्या रडकुंडीला आली.

"कुठंच नाही, आत्याबाई," बोधिसत्त्व म्हणाले. "लांब दाणे मापात आडवेतिडवे पडतात, मधे पोकळी राहते. बुटके दाणे दाटीवाटीने बसतात, लग्नघरात पाहुणे निजतात तसे. या दोन तांदळांत त्यांची दहा मापं आणि यांची नऊ मापं वजनाला सारखीच. तोललेलं तोललेल्याशी ताडा, मापलेलं मापलेल्याशी नको."

आत्या खो खो हसत सुटली. तिने नंदियाची क्षमा मागितली आणि हंडा स्वतः चुलीवर चढवला. वाजंत्री दुप्पट जोराने वाजू लागली. भात झाल्यावर उत्पलेने पहिला घास उचलला, सोमदत्ताकडे पाहिले, आणि दोघांनी मिळून तो बैलाला भरवला. रीत मोडली म्हणून कुणी तोंडातून शब्द काढला नाही.

पुढे कित्येक जन्मांनंतर विहाराच्या कोठारात उपासिका चित्रा आणि कोठी सांभाळणारे भिक्षू सुदंत तांदळाच्या मापावरून हुज्जत घालीत होते, तेव्हा आता बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "त्या वेळची सुलसाआत्या ही आजची चित्रा, नंदिय हा सुदंत. सोमदत्त आणि उत्पला म्हणजे रोज विहाराला तांदूळ देणारे ते दारात उभे असलेले जोडपे. आणि तो बैल मी होतो."

चित्रेने हळूच माप खाली ठेवले. "भगवन्, त्या दिवशी माझा भात बरा झाला होता का?"

"फार छान झाला होता," शास्ते हसून म्हणाले. "दोन्ही बाजूंचे ओझे सारख्याच मायेने वाहणे, हीच समभावाची पारमिता, म्हणजे परिपूर्णता."