धोंड्यांची पूजा

गाव वसायच्याही आधीपासून माळावर काही धोंडे गोल करून उभे होते. मधोमध एक बाई पुरली होती आणि तिच्या माणसांनी ते धोंडे तिच्या राखणीला ठेवले होते.

त्यांतल्या एका धोंड्याला पळसाखालच्या शेंदूर फासलेल्या दगडाचा फार हेवा वाटे. एके दिवशी तो टिटवीला म्हणाला, "गावात सांग, आमच्याखाली सोन्याचा हंडा आहे."

"खोटं कशाला बोलतोस?" शेजारचा म्हातारा धोंडा चिडला.

"त्या निमित्ताने कोणी हात तरी जोडेल!"

आणि टिटवीचं ऐकून शनिवारी सकाळी गावातला डोमाजी मेहुण्याला घेऊन खरंच आला. दोघांनी धोंड्यांना हळदकुंकू वाहिलं, लिंबू कापलं, नारळ फोडला, हात जोडले.

"बघितलंस? देव झालो आपण!" धोंडा हरखला.

मग डोमाजीने पहार उचलली. दुपारपर्यंत सगळे धोंडे आडवे झाले. खड्ड्यातून निघालं एक फुटकं मडकं आणि हाडं.

"हट्, काहीच नाही इथं!" म्हणत डोमाजीने कवटी पायाने लोटली.

जाताना मेहुण्याने नारळ तेवढा आठवणीने उचलला. उताण्या पडलेल्या धोंड्याच्या कपाळावर कुंकू तसंच होतं, आणि समोर ती बाई उन्हात उघडी पडली होती.