राजाची खाज आणि मधलं पान

हिरडगडच्या राजा दुर्जयसेनाला खाज सुटली होती, आणि सिंहासनावर बसून खाजवणं राजाला शोभत नाही. त्यामुळे दरबार भरला की महाराज ओठ घट्ट मिटून ताठ बसत आणि न्यायनिवाडे फार झटपट करत.

राजवैद्यांनी कडुनिंबाच्या पाल्याने आंघोळ सांगितली होती. आंघोळी चालू होत्या, खाजही चालू होती. गावातले लोक मात्र वाड्याच्या बागेतल्या त्याच झाडांच्या पाल्याने खडखडीत बरे झाले होते.

"म्हणजे माझ्या पाल्यात कुणीतरी लबाडी करतंय," महाराज म्हणाले, आणि त्यांनी बागेच्या माळ्याला, सोनबाला, बेड्या ठोकल्या.

सोनबाची बायको भिवरा तान्ह्या बाळाला घेऊन धावत आली. धावत म्हणजे, दर वळणावर थांबून बाळाचं टोपडं सारखं करत. दरबारात ती महाराजांपासून चांगली लांब उभी राहिली.

"जवळ ये. घाबरतेस की काय?"

"हो महाराज. मी सगळ्यालाच घाबरते. बाळ रडलं की घाबरते, गप्प झोपलं की जास्तच घाबरते. पण ह्यांनी लबाडी नाही केली. वाड्याची रीत आडवी आली."

"कसली रीत?"

"वाड्यावर सगळं कोवळं पाठवायचं. काकडी कोवळी, भेंडी कोवळी, कणीस कोवळं. तसाच पालाही. शेंड्याची तांबूस, लुसलुशीत पानं खुडून तुमच्याकडे येतात, आणि मधली जून हिरवी पानं गावाकडे जातात. कोवळ्या पानात कडूपणा अजून उतरलेला नसतो, महाराज. खाज घालवतो तो कडूपणा. पान पिकून पिवळं पडलं की तो पुन्हा ओसरतो."

"हे तुला शिकवलं कुणी?"

"भीतीने. बाळाच्या आंघोळीच्या पाण्यात टाकायचं पान मी आधी चावून बघते. सासूबाई म्हणतात, सुनेऐवजी शेळी आणली असती तर दूध तरी मिळालं असतं."

दरबार हसला. महाराज हसले नाहीत.

"एक झाड, एक फांदी, एकच रस. पान म्हणजे पान! फरक असतो म्हणतेस ना? दाखव. पण पान चाखायचं नाही, उकळायचं नाही, कुणाच्या अंगाला लावायचं नाही. आत्ता, इथेच, मला पटलं पाहिजे. नाही पटलं तर दिवस मावळायच्या आत नवऱ्याला घेऊन राज्याबाहेर चालती हो."

भिवराने बाळाला पदरात गुंडाळलं. राज्याबाहेर म्हणजे रान, रानात डास. तिच्या मनात बाळाला डास चावून, ताप येऊन, उतरूनही झाला. मग तिची नजर सिंहासनाकडे गेली. डावीकडे पाळण्यात युवराज अंगठा चोखत होते. उजवीकडे थोरले महाराज, म्हणजे राजाचे वडील, तक्क्याला टेकून पेंगत होते.

"महाराज, तुमची ती कमरेची तलवार जरा युवराजांच्या हातात द्याल?"

"वेड लागलं का तुला? त्याला अजून दात आले नाहीत."

"मग थोरल्या महाराजांच्या हातात द्या."

थोरल्या महाराजांनी एक डोळा उघडला. "मला नको गं बाई. माझे दात गेले."

"बघितलंत," भिवरा म्हणाली. "एक झाड, एक फांदी, एकच रक्त. पण लढाईला जायचं कुणी? शेंड्याचं पान अजून भरायचंय, बुडाचं पिकलंय. तलवार उचलतं ते मधलं पान."

महाराजांचा हात तलवारीच्या मुठीवर गेला. "आणि मी मधलं पान?"

"हो ना. हिरवंगार, भरलेलं आणि…"

भिवराने जीभ चावली.

"आणि काय? बोल!"

"…कडू, महाराज."

तक्क्यावरून खो खो हसू आलं. थोरले महाराज पोट धरून हसत होते. "कडू! अहो, आम्ही हे वर्षानुवर्षं सोसतोय, पण सांगायची छाती कुणाला होती!"

महाराजांचे ओठ थरथरले, मिशा हलल्या, आणि तेही हसत सुटले. हसता हसता त्यांचा ताठपणा सुटला आणि भर दरबारात त्यांनी पाठ कराकरा खाजवली. ते पाहून प्रधानजींनी मान खाजवली, सेनापतींनी दंड, आणि बघता बघता सगळा दरबार खाजवायला लागला. बिचारे कधीचे वाट बघत होते.

भिवरा बाळाला छातीशी धरून आणखी मागे सरकली.

"सोडा रे सोनबाला," महाराज म्हणाले. "आजपासून वाड्यावर जून पाला. आणि तू बोल, काय हवं तुला? जमीन? दागिने?"

"एक दुपार झोप हवी, महाराज. बाळ झाल्यापासून डोळ्याला डोळा नाही. पण याला सांभाळणार कोण?"

"एवढंच ना?" महाराजांनी दोन्ही हात पुढे केले. "आण इकडे, मी घेतो."

"आधी आंघोळ, महाराज!"

या वेळी महाराज इतके हसले की मुकुट घसरून नाकावर आला.

जून पाल्याच्या आंघोळींनी खाज गेली, तेव्हा महाराज दिलेला शब्द पाळायला स्वतः माळ्याच्या झोपडीत आले. त्यांनी बाळ मांडीवर घेतलं. भिवरा आडवी झाली, डोळे मिटले, आणि लगेच एक उघडला.

"मानेखाली हात धरा, महाराज."